रुळांभोवतीचा मुलूख : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच अडचणीभोवती फिरणारी निघाली. इंजिन आणि डबे कसेबसे जमतात, रूळही मिळतात. पण ज्या प्रमाणात आपण रेल्वेची छोटी प्रतिकृती करीत आहोत त्या प्रमाणातली झाडे, घरे, माणसे आणि डोंगर कोणत्याही दुकानात मिळत नाहीत, ही ती अडचण. म्हणून या वेळचे सदर केवळ देखाव्याला दिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी दोन वर्षांपासून बोरघाटाची प्रतिकृती करीत आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर असल्यामुळे, बाजारात मिळणाऱ्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर १:८७ प्रमाणातली (म्हणजे खरीच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकी) आपली गाडी ठेवली की रूळ अरुंद आणि डबा अंगाने थोराड दिसतो. म्हणून मी फुटाला ३ मिलिमीटर, म्हणजे १:१०१.६ हे प्रमाण धरले आणि ‘खेकडा’ या टोपणनावाच्या जुन्या विजेच्या इंजिनाचा सांगाडा व तीन डबे पुठ्ठ्यात तयार केले. आता देखाव्यापाशी अडलो आहे. दुकानात मिळते ते १:८७ किंवा १:१६० प्रमाणातले. एक माझ्या गाडीला मोठे होते, दुसरे लहान. त्यातले काही वापरता येईल का, की सर्वच हाताने करावे लागेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण निवडलेले प्रमाण दुर्मीळ आहे, परंतु आपल्या ब्रॉडगेजला त्याहून चपखल बसणारे प्रमाण माझ्या पाहण्यात नाही. साडेपाच फुटांचे गेज आणि फुटाला तीन मिलिमीटर यांचा गुणाकार नेमका साडेसोळा येतो. बाजारातले तयार रूळ आपल्या कामी अचूक येतात आणि सत्तर फुटी डबा बरोबर २१० मिलिमीटरचा होतो, हे या प्रमाणाचे मोठे सुख आहे. ब्रिटनमध्ये हे प्रमाण जपणारी हौशी मंडळी आहेत, कारण तेथे १९५७ मध्ये ट्राय-अँग या कंपनीने याच प्रमाणाच्या गाड्या १२ मिलिमीटरच्या रुळांवर विकायला काढल्या होत्या. पुढे ते उत्पादन थांबले तरी हौशींनी प्रमाण सोडले नाही. मात्र त्यांच्याकडची घरे आणि कुंपणे इंग्लंडातल्या खेड्यांची असतात, आणि बोरघाटातल्या ठाकूरवाडी किंवा मंकी हिलच्या परिसरात ती शोभणार नाहीत.

माझा आपल्याला पहिला सल्ला असा, की रेल्वेच्या प्रतिकृतींचे दुकान सोडून दुसऱ्या धंद्याच्या दुकानात जावे. आपल्याच शहरात वास्तुशास्त्राचे विद्यार्थी ज्या स्टेशनरीच्या दुकानांतून सामान घेतात, तेथे १:१०० प्रमाणातली माणसे, मोटारी, कठडे आणि झाडे मिळतात, कारण इमारतींच्या नमुन्यांसाठी हे प्रमाण रोज वापरले जाते. १:१०० आणि १:१०१.६ यांत फरक किती, तर साडेपाच फूट उंचीच्या माणसामागे पाव मिलिमीटर. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याच दुकानात मिळणारी तिकोनी प्रमाणपट्टी घेतली, तर तिच्यावरची १:१०० ची बाजू आपल्याला प्रत्येक मापासाठी थेट वापरता येते आणि गुणाकार-भागाकाराचा त्रास वाचतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मी एकदा एका दुकानातून ‘१:१००’ अशी चिठ्ठी लावलेले शंभर माणसांचे पाकीट आणले आणि घरी मोजले, तेव्हा कोणी १४ मिलिमीटरचा तर कोणी २१ मिलिमीटरचा निघाला. शंभरातली जेमतेम चाळीस उपयोगी पडली. तेव्हापासून मी पुठ्ठ्यातून कापलेला १६ मिलिमीटर उंचीचा एक माणूस पाकिटात बाळगतो आणि दुकानात कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी त्याला तिच्याशेजारी उभा करतो. दरवाजा असेल तर त्याच्या डोक्यावर चार-पाच मिलिमीटर जागा राहिली पाहिजे, कठडा असेल तर त्याच्या कमरेच्या जरा वर आला पाहिजे आणि उंच फलाट असेल तर रुळापासून मोजून त्याच्या निम्म्या उंचीचा, म्हणजे आठ मिलिमीटरचा असला पाहिजे. छापील प्रमाणापेक्षा या माणसाची साक्ष अधिक भरवशाची आहे.

ही विकतची माणसे पांढरी आणि पोशाखाने परदेशी असतात. त्यांना आपली करण्याचे काम नाजूक आहे, पण अवघड नाही. टिश्यू पेपरची एकच पापुद्री सोडवून तिची चार मिलिमीटर रुंदीची पट्टी कापावी, पाण्यात सैल केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून बाईच्या कमरेभोवती गुंडाळावी आणि टोक चिमट्याने डाव्या खांद्यावरून मागे सोडावे. वाळल्यावर रंग दिला की लुगड्याचा पदर दिसू लागतो. मोहरीचा दाणा दीड-दोन मिलिमीटरचा असतो, म्हणजे आपल्या प्रमाणात जवळजवळ वीतभर. तांब्याच्या रंगात बुडवून तो त्या बाईच्या डोक्यावर चिकटवला की कळशी झाली. हमालाला लाल सदरा आणि डोक्यावर पुठ्ठ्याची ट्रंक पुरेशी आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. प्रमाण मिसळता येते का? येते, पण सर्वत्र नाही. ज्या वस्तूंचे खरे माप पाहणाऱ्याला अंगवळणी पडलेले असते, त्याच वस्तू प्रमाण उघडे पाडतात : माणूस, दरवाजा, पायरी, कठडा, सायकल, वीट, कौल. या वस्तू आपल्याच प्रमाणात हव्यात आणि दोन प्रमाणांतल्या अशा वस्तू एकमेकींशेजारी कदापि ठेवू नयेत. उलट कातळ, पाणी, गवत, झुडूप आणि झाड यांना स्वतःचे असे प्रमाण नसते. १:८७ च्या पाकिटातले पंधरा सेंटिमीटरचे झाड तिथे तेरा मीटरचे ठरते आणि आपल्याकडे पंधरा मीटरचे. आंब्याचे झाड या दोन्ही उंचींचे असू शकते. लहानपणी दिवाळीत आपण जे किल्ले केले त्यांत बुरुजाएवढा मावळा खपून गेला, पण अळिवाचे किंवा मोहरीचे उगवलेले गवत मात्र नेहमीच खरे वाटले, त्याचे कारण हेच आहे. १:१६० ची घरेही टाकून देऊ नयेत. ती दरीच्या पलीकडच्या उतारावर, शक्यतो झाडांच्या आड ठेवली तर दरी आहे त्याहून खोल वाटते. अट एवढीच की त्या घरांपाशी माणूस उभा करू नये.

इमारतींसाठी एक मार्ग आपल्याला फार उपयोगी पडेल. ब्रिटिश हौशी ज्या ४ मिलिमीटरच्या प्रमाणात काम करतात त्याचे छापील नकाशे आणि पुठ्ठ्याच्या घरांचे कागद सहज मिळतात, आणि ते ७५ टक्के आकारात छापले की नेमके आपल्या प्रमाणाचे होतात. १:८७ चा नकाशा असेल तर तो साधारण ८६ टक्के करावा, १:१२० चा असेल तर ११८ टक्के. छपाई आकाराने लहान होते, पण पुठ्ठ्याची जाडी लहान होत नाही; म्हणून खिडक्यांच्या चौकटी आणि छपराच्या कडा पातळ कार्डाच्या घ्याव्यात, नाहीतर घर जाडजूड वाटते. घाटातल्या केबिनी आणि क्वार्टर यांचे नकाशे असे तयार मिळणार नाहीत. त्यांची छायाचित्रे काढून दरवाज्याची उंची सात फूट, म्हणजे २१ मिलिमीटर धरावी आणि बाकीची मापे तिच्यावरून काढावीत.

डोंगराविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण घाट हा गाडीचा नसून डोंगराचा देखावा आहे. १८६३ मध्ये खुला झालेला हा घाट १:३७ चा चढ चढतो, म्हणजे आपल्या टेबलावर दर मीटरला रूळ २७ मिलिमीटर वर जाईल. पाहणाऱ्याला एवढ्याने घाट जाणवत नाही. जमीन रुळांच्या खाली कोसळली पाहिजे. सपाट प्लायवूडवर रूळ टाकून मागे डोंगर उभा करण्याऐवजी लाकडी पट्ट्यांचा उघडा सांगाडा करावा, रुळांपुरतीच फळी ठेवावी आणि पुढच्या बाजूला किमान पंचवीस-तीस सेंटिमीटर खोल दरी सोडावी. ते माप खऱ्या अंतरात तीस मीटरच भरते, पण डोळ्यांना पुरते.

सह्याद्रीचा कडा आल्प्ससारखा टोकदार नसतो. लाव्ह्याचे थर एकावर एक बसल्यामुळे तो पायऱ्यापायऱ्यांचा असतो : उभा काळा कातळ, मग गवताळ पट्टा, मग पुन्हा कातळ. परदेशी कंपन्यांचे खडकाचे साचे येथे फसवे ठरतात, कारण त्यांतून निघणाऱ्या खडकांच्या भेगा तिरप्या असतात. त्याऐवजी थर्माकोलचे किंवा फोमबोर्डाचे आडवे थर एकावर एक चिकटवावेत, प्रत्येक वरचा थर दोन-तीन सेंटिमीटर मागे घ्यावा, उभ्या कडा सुरीने कापण्याऐवजी हाताने मोडाव्यात आणि त्यांवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात द्यावा. चुरगाळून पुन्हा उलगडलेला ॲल्युमिनियमचा कागद ओल्या प्लास्टरवर दाबला की कातळाचे पैलू उमटतात. रंग एकदम काळा देऊ नये. आधी राखाडी, मग तपकिरी, मग फार पातळ काळा असे तीन पाणीदार हात ठिपक्याठिपक्यांनी दिले, तर वाळल्यावर भेगांत काळोख उरतो आणि पैलू उजळ राहतात. थर्माकोलवर फवाऱ्याचा रंग मात्र थेट मारू नये. त्यातल्या द्रावकाने माझा दीड फुटांचा एक कडा दहा मिनिटांत खचला होता.

झाडे लावण्यापूर्वी ऋतू ठरवावा. आपण पावसाळा निवडलात तर प्रत्येक इंचावर हिरवळ, धबधबे आणि ओला कातळ दाखवावा लागेल, आणि या प्रमाणात पाणी खोटे दिसण्याचा धोका मोठा आहे. मी आपल्या जागी असतो तर फेब्रुवारी-मार्च निवडला असता. तेव्हा घाटातले गवत पिवळे-तांबूस असते आणि नारळाच्या काथ्याचा मूळ रंग त्याच्याशी इतका जुळतो की तो रंगवावाही लागत नाही; तीन-चार मिलिमीटरचे तुकडे कात्रीने कापून ओल्या फेविकॉलवर चाळणीतून सोडावेत. त्याच दिवसांत पांगारा आणि काटेसावर पाने झडून लाल फुलांनी भरतात. वाळलेल्या तुळशीचे रोप उपटले तर त्याच्या फांद्यांची रचना हुबेहूब मोठ्या वृक्षासारखी असते. मंजिऱ्या काढून, फांद्यांची टोके पातळ गोंदात बुडवून, लाल रंगवलेल्या बारीक भुशावर टेकवली की बारा-तेरा सेंटिमीटरची सावर तयार होते. पानांचे घुमट करावे लागत नाहीत, ही या ऋतूची सोय आहे. उतारावर कारवीची दाटी दाखवण्यासाठी भांडी घासण्याच्या हिरव्या घासणीचे पातळ थर फाडून, ताणून, तपकिरी रंगाचा हलका हात द्यावा.

शेवटची सूचना लहान असली तरी मोलाची आहे. खडी म्हणून दगडाची कच वापरावी. रव्याच्या चाळणीतून खाली पडणारी आणि मैद्याच्या चाळणीत वर राहणारी कच या प्रमाणाला योग्य असते. परंतु आपला दगड बेसाल्टचा आहे आणि त्यात लोहयुक्त कण असतात. ते इंजिनाच्या मोटारीतल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटार अडू लागते. म्हणून कच ताटात पसरून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक तिच्यावरून पाच-सहा वेळा फिरवावे. पिशवीला चिकटणारी काळी दाढी पाहिली की हे काम किती आवश्यक होते ते लक्षात येईल.

प्रश्न : माथेरानची गाडी मी १:३५ प्रमाणात करीत आहे, कारण तिचे दोन फुटी गेज १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर या प्रमाणात जवळजवळ बरोबर बसते. परंतु १:३५ मध्ये मिळतात ते फक्त युरोपातल्या युद्धाचे सैनिक आणि रणगाडे. झाडे तर कोठेच मिळत नाहीत. जागा फक्त पाच फूट बाय दीड फूट आहे. (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : आपला हिशेब योग्य आहे. ६१० मिलिमीटरला ३५ ने भागले तर सुमारे १७.४ येतात, म्हणजे आपले रूळ एका मिलिमीटरहूनही कमी अरुंद आहेत. आणि सैनिकी प्रतिकृतींचा बाजार हे आपले नुकसान नसून भांडवल आहे. त्यांच्या सुट्या भागांच्या पाकिटांत पिंपे, बादल्या, शिड्या, पोती, फावडी आणि कंदील मिळतात. तोफा ओढणाऱ्या घोड्यांचे संचही मिळतात. त्यांवरचे तोफखान्याचे साज कापून टाकून खोगीर बसवले की दस्तुरी नाक्यावरचे घोडे झाले. सैनिकांपैकी बसलेली आणि विसावलेली माणसे घ्यावीत, शिरस्त्राण कापून एम-सीलने केस किंवा टोपी घडवावी आणि गणवेशाचे खिसे तासून सदरा करावा. हातरिक्षा मात्र आपल्यालाच तारेतून आणि पुठ्ठ्यातून करावी लागेल. माकडे चौदा-पंधरा मिलिमीटरची होतील, तीही एम-सीलची. माथेरानात मोटारींना बंदी असल्यामुळे या प्रमाणात मोटारी शोधण्याचे एक मोठे काम आपल्याला नाहीच.

झाडांचा प्रश्न खरा कठीण आहे. बारा मीटरचे झाड या प्रमाणात ३४ सेंटिमीटरचे होते, त्याचा घेर तेवढाच, आणि दीड फूट रुंदीत असे एक झाड लावले की गाडीला जागा उरत नाही. म्हणून पूर्ण झाडे करूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गणपतीच्या मखराला जशी पुढून चौकट असते तशी चौकट लेआउटला, म्हणजे रूळ आणि देखावा मांडलेल्या टेबलाला, करावी, तिची वरची पट्टी रुळांपासून पंचवीस सेंटिमीटरवर ठेवावी आणि झाडांचे फक्त बुंधे व खालच्या फांद्या दाखवाव्यात. शेंडे पट्टीच्या मागे जाऊ द्यावेत. माथेरानच्या रानात आपण प्रत्यक्ष चालतो तेव्हाही नजरेला बुंधे, मुळे आणि वरून झिरपणारी सावलीच दिसते. वरच्या पट्टीमागे पिवळसर दिव्यांची माळ लावून तिच्याखाली घोसाळ्याचे वाळलेले, हिरवे रंगवलेले जाळे ताणून बसवले, तर रुळांवर कवडसे पडतात. पाहणारा त्या कवडशांवरूनच वर दाट रान आहे असे धरून चालतो.

बुंध्यांसाठी खऱ्या काटक्या घ्याव्यात, मात्र ज्यांची साल बारीक भेगांची आहे अशाच. पेरूची काटकी गुळगुळीत असल्याने अंजनी-जांभळाच्या जागी चालत नाही. जमिनीवरचा पाचोळा हा या प्रमाणात सर्वांत जास्त दिसणारा भाग आहे. वाळलेली कसुरी मेथी हाताने चुरडून, मोठे देठ वेचून काढून पसरली तर ती जांभळाच्या पानांच्या मापात बसते. तिच्यावर तपकिरी रंगाचा हात देऊन नंतर मॅट वार्निशने ती पूर्ण झाकावी.

माती लालच हवी, पण ती माथेरानहून आणू नये. तो परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे, आणि रोपवाटिकेत मिळणारी लाल माती तेवढेच काम करते. गोंद लागला की माती गडद होते, म्हणून तिच्यात थोडी शाडू मिसळून ती आधी फिकी करावी. नेरळहून चढताना खाली काळा कातळ आणि माथ्यावर जांभा असा जो बदल दिसतो तो पाच फुटांतही दाखवता येतो. जांभ्यासाठी थर्माकोलचा तुकडा घेऊन त्यावर बारीक ब्रशने थिनरचे ठिपके द्यावेत. प्रत्येक ठिपक्याखाली खळगा पडतो आणि जांभ्याची छिद्रे तयार होतात. हे काम उघड्या खिडकीपाशी करावे. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी असल्याने टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतून आलेले तुकडेच वापरावेत.

राहिले पत्र्याचे छप्पर. नालीदार पत्र्याच्या दोन नाल्यांमधले अंतर तीन इंच असते, म्हणजे आपल्याकडे दोन मिलिमीटरहून किंचित जास्त. हार्डवेअरच्या दुकानात १६ मिलिमीटर जाडीचा आट्यांचा रॉड मिळतो आणि त्याच्या आट्यांमधले अंतर नेमके दोन मिलिमीटर असते. हॉटेलातून जेवण येते त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तळ सपाट कापून जुन्या माउसपॅडवर ठेवावा आणि त्यावरून हा रॉड लाटण्यासारखा जोर देऊन फिरवावा. आटे वळणदार असल्यामुळे नाल्या किंचित तिरप्या पडतात, पाच सेंटिमीटरला दोन मिलिमीटर एवढ्या. म्हणून पत्र्याचे तुकडे डब्याच्या कडेला नव्हे, तर नाल्यांना समांतर कापावेत. खरा पत्रा आठ-दहा फुटी असतो, तेव्हा तुकडे सात ते साडेआठ सेंटिमीटर लांबीचे ठेवून एकावर एक चढवावेत. अखंड छप्पर एकाच तुकड्यात केले तर ते कधीही खरे वाटत नाही.

प्रश्न : नोकरीनिमित्त ड्रेसडेनला राहतो. येथे १:१२० म्हणजे टीटी प्रमाणाच्या गाड्या आणि देखावे सर्वत्र मिळतात, पण मला कोकण रेल्वेचे एखादे छोटे स्थानक करायचे आहे. माडाची झाडे आणि चिरेबंदी कुंपण यांचे काय करावे? (एक वाचक, जर्मनी)

उत्तर : आपण या प्रमाणाच्या मुलखातच राहता. पूर्व बर्लिनच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकाअखेरीस टीटी गाड्या होऊ लागल्या आणि आजही त्या बनवणारी टिलिग ही कंपनी आपल्याजवळच्या सेब्नित्सची आहे. त्यामुळे गवत, रंग, खडी आणि झुडपे तेथेच घ्यावीत. आपले ब्रॉडगेज या प्रमाणात १४ मिलिमीटरचे व्हायला हवे आणि आपले रूळ १२ चे आहेत. लेआउट डोळ्यांच्या उंचीवर ठेवून बाजूने पाहिला तर हा फरक बोचत नाही.

माड पंधरा सेंटिमीटर उंच ठेवावा. खोड तारेचे करून त्यावर जाड शिवणदोरा गुंडाळावा, म्हणजे खोडावरची वळी दिसतात, आणि ते किंचित वाकवावे, कारण सरळसोट माड मी तरी कोकणात क्वचित पाहिला आहे. झावळ्यांसाठी पक्ष्याची पिसे घेऊन दोन्ही बाजूंनी कात्रीने निमुळती करावीत, कडांना बारीक तिरपे छेद द्यावेत आणि दर झाडाला चार सेंटिमीटरच्या पंधरा-सोळा झावळ्या लावाव्यात. खालच्या दोन वाळलेल्या, तपकिरी आणि लोंबत्या असाव्यात. चिऱ्यांसाठी बुचाचा पातळ पत्रा वापरावा. त्याचा रंग आणि त्यातली छिद्रे जांभ्याच्या इतकी जवळची आहेत, की तीन मिलिमीटर लांबीचे तुकडे कापून गडगा रचला आणि वर तांबड्या रंगाचे पाणी फिरवले की वेगळे काही करावे लागत नाही. पावसाळ्यानंतरचा देखावा असेल तर गडग्याच्या वरच्या बाजूला शेवाळाचा काळपट हिरवा द्यावा.

प्रश्न : दोन वर्षे खपून केलेल्या लेआउटवर यंदाच्या पावसाळ्यात बुरशी आली. भुशाचे गवत काळे पडले आणि काही झाडांना कीड लागली. तयार देखावा मिळत नाही म्हणून सगळे घरगुती वस्तूंचे केले होते. ते चुकले का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपले नुकसान वाचून फार वाईट वाटले. घरगुती वस्तू वापरणे चुकलेले नाही. पण कोकणातल्या हवेत भुसा, काथ्या, काटक्या आणि वाळलेली पाने ही बुरशीचे आणि किडीचे अन्न असतात, हे धरूनच ती वापरावी लागतात.

माती आणि कच जुन्या कढईत अर्धा तास भाजून घ्यावी. काटक्या आणि तुळशीची रोपे टाकणखाराच्या पाण्यात रात्रभर बुडवून उन्हात खडखडीत वाळवावीत व त्यांवर रंगाचा पूर्ण हात द्यावा. टाकणखार मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, आणि तो फेविकॉलमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्याने गोंदाचा रबरासारखा गोळा होतो. पातळ केलेल्या गोंदाला बुरशीपासून जपायचे असेल तर वाटीभर मिश्रणात लवंगतेलाचे तीन-चार थेंब पुरतात. गवतासाठी भुशाऐवजी फोमचा चुरा घ्यावा. जुन्या गादीचा स्पंज ओला करून मिक्सरमध्ये फिरवला आणि कापडाच्या रंगात रंगवला की तो भुशापेक्षा हलका, मऊ आणि बुरशीला नकोसा होतो.

कपाटात डांबरगोळ्या ठेवण्याची आपल्याकडे सवय असते; प्रतिकृतींच्या कपाटात त्या ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरिनचे डबे, माणसे आणि थर्माकोल मऊ पडून विरघळू लागतात. त्याऐवजी झाकणाखाली पंधरा वॅटचा एक साधा पिवळा बल्ब पावसाळाभर तेवत ठेवावा. बल्ब देखाव्यापासून वीतभर दूर असावा आणि झाकणाला वरच्या बाजूने दोन छिद्रे असावीत, म्हणजे ओलसर हवा बाहेर जाते.

जे काळे पडले आहे ते धुऊन वाचवण्याच्या फंदात पडू नये. तो भाग कातळापर्यंत खरवडून काढावा, उघडी झालेली जागा टाकणखाराच्या पाण्याने पुसून आठवडाभर वाळू द्यावी, आणि नव्या गवताला दसऱ्यानंतरच हात घालावा. तोवर वीस-पंचवीस झाडांचे सांगाडे करून, रंगवून, खोक्यात तयार ठेवता येतील.